लेख आधी तयार होतो, माणूस नंतर जातो

हॉलिवूडच्या अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २३ मार्च २०११ रोजी गेल्या आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्यावर ऐसपैस मृत्युलेख प्रसिद्ध केला. त्यावर नाव होतं मेल गुसो यांचं. नाटक-सिनेमावर वर्षानुवर्षं लिहिणारे हे पत्रकार स्वतः २००५ मध्येच वारले होते. त्याआधी २००३ मध्ये विनोदवीर बॉब होप शंभरी गाठून गेले, तेव्हाही हेच झालं होतं. लेख व्हिन्सेंट कॅनबी यांचा, आणि कॅनबी २००० मध्येच गेलेले. लिहिणारा आधी गेला, ज्याच्यावर लिहिलं तो मागे राहिला आणि लेख आपला नंबर लागेपर्यंत पडून राहिला.

वाचणाऱ्याला हे विचित्र, कदाचित अभद्रही वाटेल. पण मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेरीत यात नवल काही नाही. एखाद्या माजी पंतप्रधानांच्या निधनाची बातमी येते आणि थोड्याच वेळात त्यांच्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या आयुष्याचा हजारो शब्दांचा नीटनेटका आढावा वाचकांसमोर असतो. तारखा बरोबर, जुने फोटो जागच्या जागी, विरोधकांची मतंसुद्धा आत. एवढं सगळं कुणी पंधरा मिनिटांत लिहीत नाही. ते आधीच लिहिलेलं असतं आणि त्यात फक्त काही जागा कोऱ्या सोडलेल्या असतात.

पुढे जाण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. पेपरात मरणाच्या नोंदी निरनिराळ्या वाटांनी येतात. घरच्यांनी पैसे भरून दिलेली निधनाची जाहिरात ही एक. तिच्यात काय लिहायचं ते घरचे ठरवतात. दुसरी निधनाची बातमी: कोण, कुठे, कधी, कशाने. तिसरी आदरांजली, म्हणजे सहकाऱ्याने किंवा चाहत्याने लिहिलेला आठवणींचा लेख, ज्यात लिहिणारा गहिवरला तर कुणाची हरकत नसते. मृत्युलेख या सगळ्यांहून वेगळा. तो लिहिणारा वृत्तपत्राचा माणूस असतो आणि त्याची बांधिलकी वाचकाशी असते. गेलेल्या माणसाने नेमकं काय केलं, त्यातलं काय टिकलं, कुठे तो चुकला, हे सांगणं त्याचं काम. आपल्याकडे आदरांजलीलाच मृत्युलेख म्हणायची सवय पडली आहे. त्यामुळे खरा मृत्युलेख वाचायला मिळाला की पुष्कळांना तो निष्ठुर वाटतो.

तयारी जिवंतपणीच

न्यूयॉर्क टाइम्सकडे असे दीड हजाराहून जास्त लेख तयार असल्याचं त्यांच्या संपादकांनीच वेळोवेळी सांगितलं आहे. कुणाचा लेख आधी लिहायचा, याचा हिशेब कोरडा असतो: वय किती, तब्येत कशी आणि माणूस केवढा. तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. ज्यांचं आयुष्य एका बैठकीत मांडता येणार नाही इतकं गुंतागुंतीचं आहे, त्यांचा लेख आधी. चाळिशीतल्या गायकाचा तयार लेख सहसा नसतो. मात्र त्याच्या व्यसनांच्या बातम्या वरचेवर यायला लागल्या, तर कुणीतरी गुपचूप कामाला लागलेलं असतं.

पूर्वी या कामाचा आधार म्हणजे कात्रणांची खोली. प्रत्येक नावाचं एक पाकीट आणि त्यात त्या माणसाबद्दल छापून आलेलं सगळं. अमेरिकी पत्रकार या खोलीला सरळ ‘मॉर्ग’ म्हणजे शवागार म्हणत. पण कात्रणांवरून लिहिलेला लेख कात्रणांसारखाच निघतो, जुनाच मजकूर पुन्हा छापल्यागत. १९६० च्या दशकात न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑल्डन व्हिटमन यांनी वेगळी पद्धत पाडली. ज्याचा मृत्युलेख लिहायचा, त्यालाच आधी भेटायचं. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यासारख्यांच्या मुलाखती त्यांनी याच कामासाठी घेतल्या. पाहुणा कशासाठी आलाय हे समोरच्याला पक्कं ठाऊक असायचं. तरी बहुतेक जण बोलायचे, आणि मोकळेपणाने बोलायचे. आपण गेल्यावरच छापून येणार असेल तर माणूस कुणाची भीड धरील?

हीच कल्पना पुढे कॅमेऱ्यासमोर आली. विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड जानेवारी २००७ मध्ये गेले, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची आधी चित्रित केलेली मुलाखत प्रसिद्ध केली. तिच्यात ते हसत सांगतात, “नमस्कार, मी आर्ट बुकवाल्ड आणि मी नुकताच मेलोय.”

तयार लेखाचा सगळ्यांत उघड धोका म्हणजे तो वेळेआधी बाहेर पडणं. २००३ च्या एप्रिलमध्ये सीएनएनच्या संकेतस्थळावरची कच्ची पानं लोकांच्या हाती लागली. हयात असलेल्या बड्या मंडळींच्या निधनाची पानं तिथे रचून ठेवली होती, आणि रचनाकारांनी आधीच्याच एका पानाचा साचा वापरला होता. तो साचा होता वर्षभरापूर्वी वारलेल्या ब्रिटनच्या राजमातेचा. परिणाम असा की अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या पानावर ‘ब्रिटनची लाडकी आजी’ असा उल्लेख राहिला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांना घोड्यांच्या शर्यतींचा शौक चिकटला. फिडेल कॅस्ट्रोंच्या पानाला रोनाल्ड रेगन यांचा साचा होता; क्यूबाचा हा क्रांतिकारक तिथे सिनेनट झाला होता. २००८ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेकडून स्टीव्ह जॉब्झ यांचा मृत्युलेख चुकून ग्राहकांपर्यंत गेला. त्यात वय आणि मृत्यूचं कारण या दोन जागा कोऱ्या होत्या. जॉब्झ त्यानंतर तीन वर्षं जगले. सगळ्यांवर ताण केली ती फ्रान्सच्या आरएफआय या प्रसारण संस्थेने. नोव्हेंबर २०२० मध्ये संकेतस्थळ एका यंत्रणेवरून दुसरीवर हलवताना त्यांचे शंभरेक तयार मृत्युलेख एकदम प्रसिद्ध झाले. राणी एलिझाबेथ, पेले, क्लिंट ईस्टवूड, सगळे एका झटक्यात गेले.

या चुका वाचून हसू येतं. दुसऱ्या प्रकारच्या चुकीवर मात्र हसता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी १९४० मध्ये लंडनमध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची खोटी बातमी पसरली आणि वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. त्यांतल्या काहींनी त्यांना एकाकी, कंगाल, लोकांनी टाकून दिलेला नेता म्हटलं होतं. गार्वींनी ते वाचले. १० जूनला ते खरोखरच गेले. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा वाटा तुलनेने सुखाचा: जानेवारी १९५४ मध्ये युगांडात लागोपाठ दोन विमान अपघातांतून ते वाचले आणि जगभरच्या वृत्तपत्रांत आलेल्या स्वतःच्या मृत्युलेखांची मजा घेत बसले.

आपल्याकडचा असा प्रसंग २२ मार्च १९७९ चा. जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णालयात होते. त्यांचं निधन झाल्याचं थेट लोकसभेत सांगितलं गेलं, आकाशवाणीनेही ती बातमी दिली, सभागृहाने दुखवटा पाळला. जेपी हयात होते. ते गेले ८ ऑक्टोबरला.

म्हणून मृत्युलेखातली सगळ्यांत कंटाळवाणी वाटणारी ओळ, ‘त्यांच्या मुलीने या वृत्ताला दुजोरा दिला’, खरं तर सगळ्यांत महागाची. २००३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कॅथरीन सर्गावा या नर्तिकेचा मृत्युलेख छापला. आधार काय, तर लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये आलेला मृत्युलेख. बाई जिवंत होत्या. पुढे २००५ मध्ये गेल्या. एका पेपरने दुसऱ्यावर विसंबून मारलेलं माणूस पुन्हा जिवंत करायचं म्हणजे किती खुलासे करावे लागतात, याची कल्पना केलेली बरी. मृत्यूची खात्री कुणी दिली ते लेखातच लिहायचं, हा दंडक अशा ठेचांमधून पक्का झाला. आज समाजमाध्यमांवर कुठल्याही नटाच्या नावापुढे कुणीही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून मोकळं होतं. अशा वेळी एखाद्या बातमीत दुजोऱ्याची ही ओळ दिसेपर्यंत थांबावं, असं मला वाटतं.

पहिलं वाक्य

मृत्युलेखाचा खरा भार पहिल्या वाक्यावर असतो. इंग्रजी वृत्तपत्रांतली त्याची ठेवण ठरलेली आहे: नाव, मग त्या माणसाने काय केलं ते सांगणारा एक तुकडा, मग मृत्यूची तारीख, ठिकाण आणि वय. मधला तुकडा वीस-पंचवीस शब्दांचा, आणि अख्ख्या आयुष्याचा निकाल तिथेच लागतो. ऐंशी वर्षांतलं काय उचलायचं? ज्याने वीस सिनेमे केले आणि एक खटला हरला, त्याचा खटला वर घ्यायचा की सिनेमे?

एक उदाहरण जवळून बघू. इव्हॉन ब्रिल या अग्निबाण-शास्त्रज्ञ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हायड्रॅझिन या इंधनावर चालणारी एक प्रणोदन यंत्रणा, म्हणजे यानाला पुढे ढकलणारं साधन, शोधली. दळणवळणाचे उपग्रह हळूहळू आपल्या कक्षेतून सरकतात; त्यांना जागेवर ठेवायला ती कामी आली. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं. २०१३ च्या मार्चमध्ये, ८८ व्या वर्षी त्या गेल्या. न्यूयॉर्क टाइम्सने लेख छापला तो योग्यच. पण त्याची सुरुवात कशाने झाली? बाई बीफ स्ट्रॉगनॉफ फक्कड बनवायच्या, नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ गावोगाव फिरल्या, मुलांसाठी आठ वर्षं काम सोडून घरी राहिल्या, आणि मुलाच्या मते त्या जगातल्या सर्वोत्तम आई होत्या. दुसऱ्या परिच्छेदात ‘परंतु’ म्हणून त्या मोठ्या शास्त्रज्ञही असल्याचं कळायचं.

वाचक संतापले. काही तासांत स्वयंपाकाचा उल्लेख गेला आणि शास्त्रज्ञ वर आल्या. लेख लिहिणाऱ्याची बाजू अशी मांडली गेली की हा एक लेखनातला डाव होता: आधी साधी गृहिणी दाखवायची आणि मग वाचकाला चकित करायचं. डाव म्हणून तो समजतो. पण एखाद्या पुरुष शास्त्रज्ञाच्या लेखाची सुरुवात ‘ते चहा उत्तम करायचे’ अशी कधी वाचली आहे? त्यातला एकही तपशील खोटा नव्हता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. सगळं खरं होतं. फक्त क्रम चुकला, आणि मृत्युलेखात क्रम हेच मत असतं.

मथळ्याबाबत याहून मोठा गोंधळ वॉशिंग्टन पोस्टने घातला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इस्लामिक स्टेटचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी अमेरिकी कारवाईत मेला. पोस्टच्या एका मथळ्यात त्याचं वर्णन काही काळ ‘विरक्त धर्मपंडित’ अशा अर्थाचं झळकत होतं. आधीचा मथळा त्याला दहशतवादीच म्हणत होता. कुणीतरी तो बदलला आणि नंतर परत बदलावा लागला. धर्मशास्त्राचा अभ्यास त्याने केला होता हे खरं, पण हजारो खुनांच्या सूत्रधाराची ओळख करून देताना आधी सांगायची ती गोष्ट नव्हे. तटस्थपणा अंगवळणी पडला की माणूस कधी कधी इतका तटस्थ होतो.

गोडव्यामागचं तिखट

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हा संकेत जवळपास सगळीकडे आहे. मृत्युलेख लिहिणाऱ्याला तो पूर्ण पाळून भागत नाही आणि झुगारूनही चालत नाही. यातून वाट काढण्यात इंग्लंडच्या वृत्तपत्रांचा हात कुणी धरला नाही.

१९८६ हे तिथलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी ह्यू मॅसिंगबर्ड यांनी डेली टेलिग्राफच्या मृत्युलेखांचा कारभार हाती घेतला आणि त्याच वर्षी निघालेल्या इंडिपेंडंटने मृत्युलेखाखाली लेखकाचं नाव छापायला सुरुवात केली. तोवर द टाइम्सची परंपरा निनावी, भारदस्त लेखांची होती: पदं, पदव्या, पदकं. मॅसिंगबर्ड यांनी किस्से आणि विक्षिप्तपणा आत आणला. थेट निंदा त्यांनी टाळली. त्याऐवजी एक सांकेतिक भाषा रुळवली, जी नियमित वाचकाला बरोबर कळायची. ‘मैफलीत रमणारे’ म्हणजे दारुडा. ‘आपल्या पराक्रमाच्या रंगतदार हकिकती सांगत’ म्हणजे थापाड्या. ‘मूर्खपणा खपवून घेत नसत’ म्हणजे अंगावर धावून येणारा.

हे वाचून आपण फार हसायला नको, कारण आपल्याही मृत्युलेखांत ही भाषा मुरलेली आहे. ‘परखड’ माणूस घरच्यांना आणि हाताखालच्यांना कसा वाटत असेल? ‘वादळी व्यक्तिमत्त्व’ म्हटलं की वाचणारा समजून चालतो. ‘मनस्वी कलावंत’ वेळ पाळायचा नाही आणि उसने पैसे परत करायचा नाही. मला स्वतःला सगळ्यांत संशय येतो तो ‘अजातशत्रू’ या विशेषणाचा. पन्नास वर्षं राजकारणात राहून एकही शत्रू झाला नसेल, तर त्या गृहस्थांनी भूमिका तरी कधी घेतली होती, हे विचारावंसं वाटतं.

कधी कधी टेलिग्राफ सांकेतिक भाषाही बाजूला ठेवायचा. १९९१ मध्ये तिसरे लॉर्ड मॉयनिहन मनिलात वारले. त्यांच्या लेखात आधी थंडपणे म्हटलं होतं की वंशपरंपरेने उमरावपद मिळण्याच्या प्रथेला विरोध करणाऱ्यांना या गृहस्थांच्या चारित्र्याने भरपूर दारूगोळा पुरवला. आणि पुढे त्यांच्या उद्योगांची यादी दिली होती: बाँगोवादक, भामटा, कुंटणखान्याचा मालक, अमली पदार्थांचा तस्कर आणि पोलिसांचा खबऱ्या. वाद्य पहिलं आणि खबरेगिरी शेवटची. असा क्रम लावणारा माणूस आपल्या धंद्यात पक्का होता.

यापेक्षा अवघड असतो तो प्रतिस्पर्ध्याचा मृत्युलेख. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले. सामाजिक सुधारणांवरून टिळकांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला होता. केसरीतल्या मृत्युलेखात मात्र टिळकांनी रानड्यांना मोठं श्रेय दिलं: थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात त्यांनी पुन्हा धुगधुगी आणली. मतभेद होते ते होतेच, पण माणूस केवढा होता हे ठरवताना ते आड आले नाहीत. स्तुतिपाठकाने केलेल्या कौतुकापेक्षा अशा कौतुकाला वजन जास्त, म्हणून तर ‘थंड गोळा’ हे शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत.

लिहिणारा इतका मोकळा कसा राहू शकतो, याला कायद्याचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये मृताची बदनामी झाली म्हणून खटला भरता येत नाही. अब्रू माणसाबरोबर संपते. भारतात तसं नाही. भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ च्या स्पष्टीकरणात आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही मृताबद्दलचं विधान बदनामी ठरू शकतं. अट दुहेरी: तो माणूस हयात असता तर त्या विधानाने त्याची अब्रू गेली असती, आणि त्यामागे कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू असायला हवा. आपले मृत्युलेख गुळमुळीत असण्याचं खापर कायद्यावर फोडता येणार नाही, कारण ही अट सिद्ध करणं सोपं नाही. खरं कारण भिडेचं असतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या मुलांशी उद्या पुन्हा गाठ पडणार असते.

‘अल्पशा आजाराने’

मृत्यूचं कारण ही सगळ्यांत जास्त झाकली जाणारी जागा. आत्महत्या, व्यसन आणि पूर्वी कर्करोगसुद्धा, यांना पांघरूण घालायची तयार वाक्यं प्रत्येक भाषेत आहेत. १९८० च्या दशकात एड्सने या पांघरुणाची परीक्षा घेतली. अमेरिकी पियानोवादक लिबराची फेब्रुवारी १९८७ मध्ये गेले. डॉक्टरांच्या दाखल्यावर हृदयविकाराची नोंद होती. काउंटीच्या शवचिकित्सा अधिकाऱ्याला शंका आली, त्याने तपासणी केली आणि एड्समुळे झालेला न्यूमोनिया हे खरं कारण बाहेर आलं. एका माणसाचा खासगीपणा की वाचकांचा जाणण्याचा हक्क, हा वाद तेव्हाही मिटला नाही, अजूनही मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर सार्वजनिक जीवनातल्या माणसाच्या मृत्यूचं कारण लिहावं. ज्या आजाराने कुणीच मेल्याचं छापून येत नाही, तो आजार असलेल्यांना आपण एकटेच आहोत असं वाटत राहतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरिया रिपोर्टर या समलिंगी समाजाच्या साप्ताहिकात याच काळात दर आठवड्याला एड्सने गेलेल्यांचे मृत्युलेख येत. एकेका अंकात पानं भरून तरुण चेहरे. मग परिणामकारक औषधं आली, आणि १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच असा एकही मृत्युलेख नव्हता. साप्ताहिकाने पहिल्या पानावर तीच बातमी केली: मृत्युलेख नाहीत.

उलट दिशेचं चित्र इटलीतल्या बेर्गामो शहरात दिसलं. ‘लेको दि बेर्गामो’ या दैनिकात फेब्रुवारी २०२० मध्ये निधनाच्या नोंदींना दीडेक पान पुरत होतं. १३ मार्चच्या अंकात ती दहा पानं झाली. सरकारी आकडे काय सांगतात याची वाट न बघता करोनाने तिथे काय केलंय ते वाचकांना त्या पानांच्या जाडीवरून कळलं. त्या नोंदी घरच्यांनी दिलेल्या, साध्या, ठरीव मजकुराच्या होत्या. इथे त्यांचं काम एकाही पट्टीच्या लेखकाला जमलं नसतं.

कुणाचा येतो, कुणाचा राहतो

रोज जगात लाखाहून अधिक माणसं मरतात आणि मोठ्या वृत्तपत्रातसुद्धा मृत्युलेख येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इकॉनॉमिस्ट साप्ताहिक तर आठवड्याला एकच लेख छापतं, आणि त्या एका जागेवर २००७ मध्ये त्यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या, संशोधकांनी बोलायला-मोजायला शिकवलेल्या पोपटाला बसवलं. निवड ही अशी संपादकाच्या नजरेवर असते. नशिबाचाही भाग असतो. संगीतकार प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ रोजी वारले. स्टॅलिनही त्याच दिवशी. सोव्हिएत संगीताला वाहिलेल्या नियतकालिकात प्रोकोफिएव्ह यांच्या निधनाची नोंद ११६ व्या पानावर आली, आधीची सगळी पानं स्टॅलिनला. लेखक ऑल्डस हक्सले आणि सी. एस. लुईस गेले ते २२ नोव्हेंबर १९६३ ला. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली, मग कोण कशाला विचारतोय.

स्त्रिया कमी का दिसतात, असं विचारलं की संपादकांचं एक ठरलेलं उत्तर असतं: मृत्युलेखाचं पान आजच्या जगाचं प्रतिबिंब नसतं. आज नव्वदीत जाणारी माणसं पन्नास वर्षांपूर्वी कर्तबगारीच्या ऐन भरात होती आणि तेव्हा खुर्च्यांवर पुरुष होते. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. कारण ज्या स्त्रियांचं काम तेव्हाही डोळ्यांसमोर होतं, त्यांनाही जागा मिळाली नव्हती. न्यूयॉर्क टाइम्सने ८ मार्च २०१८ रोजी हे मान्य केलं. १८५१ पासूनच्या आपल्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचंच प्राबल्य असल्याची कबुली देऊन त्यांनी राहून गेलेल्यांचे लेख छापायला सुरुवात केली. पहिल्या पंधरा जणींत लेखिका शार्लट ब्राँटे, संगणकाच्या इतिहासात नाव असलेल्या एडा लव्हलेस, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ होत्या. आणि मधुबालाही. ती गेली २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. न्यूयॉर्कमधला लेख आला एकोणपन्नास वर्षांनी.

इतक्या उशिरा लिहिलेल्या लेखाला एक सोय मिळते, जी रात्रीच्या आवृत्तीसाठी लिहिणाऱ्याला कधीच मिळत नाही. त्या माणसाच्या कामातलं काय टिकलं ते एव्हाना कळलेलं असतं. प्लाथ यांच्या निधनाच्या वेळी त्यांच्या ज्या कविता अजून पुस्तकरूपात यायच्या होत्या, त्यांच्यावरच आज त्यांचं नाव उभं आहे. १९६३ मध्ये लिहिणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं. पण उशिराचा लेखही पुरता शेवटचा ठरत नाही. त्याच पंधरा जणींत आयडा बी. वेल्स होत्या, अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांवर जीव धोक्यात घालून लिहिणाऱ्या पत्रकार. त्या १९३१ मध्ये गेल्या, मृत्युलेख मिळाला २०१८ मध्ये, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांना पुलित्झरचं विशेष मानपत्र मिळालं. सत्त्याऐंशी वर्षं थांबून लिहिलेल्या त्या मृत्युलेखात ते यायचं राहूनच गेलं.